ओल्या हातांची वही : पोहण्याच्या तलावाकाठी लिहिलेलं कसं टिकलं

मंडळी, मागच्या बैठकीत ठरलं होतं की पुढचा निबंध प्रत्येकानं आपल्या घरातल्या एखाद्या कागदावर लिहायचा. बाकीच्यांकडे सनदा आहेत, जमिनीचे दाखले आहेत, कुणाकडे पणजोबांची मोडीतली पत्रं आहेत. माझ्याकडे एक भिजलेली वही आहे.

आमचे हे यंदा निवृत्त होतायत. चार इमलीचं सरकारी क्वार्टर खाली करायचं म्हणून माळा आवरायला काढला, तेव्हा मामंजींची पत्र्याची ट्रंक खाली आली. १ नोव्हेंबर १९५६ ला नवीन मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला आली आणि नागपूरच्या सचिवालयातली कितीतरी मराठी कुटुंबं फायलींच्या मागोमाग इकडे आली. मामंजी त्यातलेच. आधी टी.टी. नगरचं क्वार्टर, म्हणजे तात्या टोपे नगर, आणि म्हातारपणी आमच्याजवळ चार इमलीला. नागपूरच्या तलावांत लहानपणी पोहायला शिकलेला माणूस. इथे आल्यावर ऑफिसच्या आधी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत ते एका तलावावर पोरांना पोहणं शिकवायचे. पैसे घेत नसत.

ट्रंकेत त्यांची दोनशे पानी वही होती, सरावाची. रोज काय पोहायचं ते आदल्या रात्री लिहायचं, सकाळी पान काठावर ठेवायचं, घरी आणून परत वहीत घालायचं. निम्मी पानं सुटी झालेली, काही एकमेकांना चिकटलेली, काहींवर नुसते निळे ढग. इतिहास म्हणून हिला काय किंमत, असं आधी मलाही वाटलं. पण पानं उलटत गेले तसं लक्षात आलं की कागद आणि पाणी यांच्या भांडणाचा अख्खा इतिहासच इथे एका वहीत आहे.

सराव लिहायची गरज कधी पडली?

विहिरीत, नदीत, तलावात पोहणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या होती, पण सराव लिहून ठेवायची गरज कुणाला पडली नव्हती. "दहा चकरा मार" एवढं सांगितलं की झालं. १९३०च्या दशकात जर्मनीत वोल्डेमार गेर्शलर आणि डॉ. राइंडेल यांनी धावपटूंसाठी वेगळी पद्धत बसवली. ठरावीक अंतर जोरात धावायचं, ठरावीक विसावा घ्यायचा, परत धावायचं. पुढे ही रीत पोहण्यात आली. ऑस्ट्रेलियात फोर्ब्स कार्लाइल आणि अमेरिकेत इंडियाना विद्यापीठाचे जेम्स काउन्सिलमन यांनी ती रुजवली. काउन्सिलमन यांचं 'द सायन्स ऑफ स्विमिंग' १९६८ साली आलं. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये सात सुवर्णपदकं घेणारा मार्क स्पिट्झ त्यांचाच शिष्य. आपल्याकडे १९६१ साली पतियाळाला राष्ट्रीय क्रीडा संस्था सुरू झाली, तिथे शिकलेले प्रशिक्षक गावोगाव गेले आणि नवी भाषा पसरली.

ती भाषा मामंजींच्या वहीत अशी दिसते : '८×५०, फ्री, १मि १५से'. म्हणजे पन्नास मीटर आठ वेळा, आणि दर सव्वा मिनिटाला सुटायचं. जो पंचावन्न सेकंदांत पोचला त्याला वीस सेकंद विसावा, जो सत्तर सेकंदांत पोचला त्याला फक्त पाच. काठावर साठ सेकंदांचं मोठं घड्याळ, त्याचा लाल काटा बघून पोरं सुटायची. खाली पुढची ओळ, 'पाय ६×२५'. त्याखाली 'हात ४×१००'. अशा सात-आठ ओळी.

एवढं दम लागलेल्या पोराच्या डोक्यात राहणं शक्य नाही. शिकवणाऱ्यानं प्रत्येक वेळी ओरडून सांगितलं तरी कानात पाणी, वर पंख्यासारखे हात मारणाऱ्यांचा आवाज. म्हणजे सराव कागदावर आला तो त्यात हिशेब शिरला म्हणून. पण वाचायची जागा होती पाण्याचा काठ, आणि साधा कागद भिजला की त्याच्यात कोरड्या कागदाच्या दहाव्या हिश्श्याएवढीही ताकद उरत नाही. कागदाचे तंतू एकमेकांना ज्या बंधांनी धरून असतात, तेच बंध पाणी सोडवतं.

तीन शाया, तीन गती

वहीतली पानं मी शाईप्रमाणे वेगळी केली.

सगळ्यात जुनी फाउंटन पेनची. आपल्या पिढीला कॅमलची दौत आठवत असेल. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत सुरू केलेल्या उद्योगाची ती शाई. साध्या निळ्या शाईचा रंग पाण्यात विरघळणारा, तेव्हा त्या पानांवर आता फक्त ढग आहेत. पण निळी-काळी शाई जिथे वापरली तिथे अक्षर फिकट का होईना, दिसतं. त्या शाईत लोहाचा अंश असतो. निळा रंग वाहून गेला तरी लोहाची काळी रेघ तंतूंत बसलेली राहते.

दुसरी जांभळी पेन्सिल, जिभेला लावून लिहायची ती. जुन्या कचेऱ्यांत ती पक्क्या लिखाणासाठी असायची, कारण खोडरबरानं पुसली जात नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ती आली. शिशात रंग मिसळलेला, ओल लागली की रंग जागा होतो. सचिवालयातला माणूस पक्कं लिहायचं म्हणून साहजिकच तीच उचलणार. पण तलावाकाठी ती सगळ्यात वाईट ठरली. एक थेंब पडला की तळहाताएवढा जांभळा डाग. खोडता येत नाही ते पाण्यातही टिकेल असं नसतं, हा धडा त्यांना बहुतेक याच पानांवर मिळाला.

तिसरी साधी शिसपेन्सिल. ती जशीच्या तशी आहे. ग्रॅफाइट पाण्यात विरघळत नाही, उन्हात उडत नाही, क्लोरीनलाही दाद देत नाही. कागदाचे तुकडे पडलेत, पण तुकड्यांवरचं अक्षर वाचता येतं. आजही पाणबुडे पाण्याखाली खरखरीत प्लास्टिकच्या पाटीवर शिसपेन्सिलीनंच लिहितात.

पाटी म्हटल्यावर तुम्ही म्हणाल, मग दगडी पाटी का नाही? तर पाटीचा गुणच असा की ती पाण्यानं पुसते. शाळेत आपण ओला बोळा तेवढ्यासाठीच न्यायचो. फळा आणि खडू थोडे बरे. खडू पाण्यात बुडवून लिहिलं की आधी काहीच दिसत नाही, वाळल्यावर मात्र अक्षर पांढरंशुभ्र उठतं आणि सहज पुसलं जात नाही. शाळेच्या दारातल्या फळ्यावर सुविचार लिहिणाऱ्या गुरुजींना ही युक्ती माहीत असते. पण शिंतोडे उडत राहिले तर तोही ओघळतो.

आपल्या परिसरातले जुने धडे

हा प्रश्न मामंजींच्या आधी हजार वर्षं लोकांपुढे होता, आणि त्याची उत्तरं आपल्या भोपाळच्या आसपासच पडली आहेत.

भीमबेटका आपण सगळ्यांनी पाहिलंय. विष्णु श्रीधर वाकणकरांनी १९५७ साली ती चित्रं जगापुढे आणली, २००३ साली ती जागतिक वारशात गेली. ती टिकली त्याचं मोठं कारण वर आलेला खडक. पाऊस चित्रापर्यंत पोचतच नाही. ही झाली पहिली तऱ्हा : पाणी लांब ठेवायचं. पेशवे दफ्तरातले रुमाल, पावसाळ्यात पत्रांना गुंडाळायचं मेणकापड, ही सगळी याच तऱ्हेची.

दुसरी तऱ्हा, पाण्याला न जुमानणारी शाई करायची. दिव्याची काजळी आणि बाभळीचा डिंक यांची शाई उजेडात शतकानुशतकं काळीभोर राहते, पण डिंक पाण्यात सुटतो. म्हणून पक्क्या शाईच्या जुन्या कृतींत लाख येते. लाख पाण्यात उकळायची, त्यात टाकणखार आणि लोध्र घालायचं, मग काजळी घोटायची. टाकणखारामुळे लाख पाण्यात उतरते, आणि कागदावर वाळली की तिचा पातळ पापुद्रा होतो, तो ओलीला पटकन सुटत नाही.

तिसरी तऱ्हा भोजपूरची. इथून तीसेक किलोमीटरवर राजा भोजाचं अपुरं राहिलेलं शिवमंदिर आहे. आपण बहुतेक जण पिंडीचं दर्शन घेऊन परततो. पण मंदिराच्या आजूबाजूच्या सपाट खडकांवर जा. तिथे खांब, मंडप, शिखर यांचे आराखडे रेघांनी कोरलेले आहेत. अकराव्या शतकातल्या कारागिरांना काम चालू असताना बघायचे नकाशे ते. हातात दगडाची धूळ, डोक्यावर ऊन-पाऊस, तेव्हा ताडपत्र किंवा कापड घेऊन कोण फिरणार? जिथे काम करणारा उभा आहे तिथेच, त्याच्या पायाशी, पुसणार नाही असं लिहायचं. मला तर भोजपूरचे खडक आणि तलावाच्या काठावरचं मामंजींचं पान एकाच जातीचं वाटतं. दोन्ही दफ्तरात ठेवण्यासाठी नव्हतेच, काम करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असावेत म्हणून होते.

डोळ्यांची गोष्ट

आता टिकणं निराळं आणि वाचता येणं निराळं. पोहणाऱ्याचे डोळे पाण्याच्या वर वीतभर. काठावर आडवा ठेवलेला कागद त्याला तिरपा दिसतो, अक्षरं चेपलेली. म्हणून मामंजींची नंतरची पानं वरच्या बाजूला दोन भोकं पाडलेली आहेत. दोरीनं ती उभी टांगायचे.

दुसरं, चष्मा. चष्मा काठावर काढून ठेवलेल्या पोराला लांबचा फळा दिसणार कसा? उणे तीन नंबर असेल तर त्याला साधारण तेहतीस सेंटीमीटरपर्यंतच स्वच्छ दिसतं. पोहण्याचे गॉगल ऑलिंपिकमध्ये १९७६ पासून चालू लागले, आणि आपल्याकडच्या साध्या मुलांच्या हातात यायला तर आणखी वेळ गेला. तोवर क्लोरीननं डोळे लालबुंद, आणि गॉगल आले तेव्हा त्यांच्यावर वाफ.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडचा तक्ता आपण वाचतो, तो स्नेलेन यांनी १८६२ साली बसवलेला. त्याच्या हिशेबानं निरोगी डोळ्याला सहा मीटरवरून जेमतेम वाचता येणारं अक्षर सुमारे पावणेनऊ मिलिमीटरचं. हे सुक्या, स्थिर माणसाचं झालं. देवनागरीत तर काना-मात्रा आणि अनुस्वार त्याहून बारीक. मामंजींनी हे गणित केलं नसणार, पण वहीत दिसतं ते असं : सुरुवातीचं अक्षर एका रेघेतलं, मधल्या पानांवर दोन रेघांतलं, शेवटच्या पानांवर तीन. ओळी आठावरून पाचांवर आल्या. प्रत्येक ओळीच्या आधी मोठा ठळक आकडा, म्हणजे कितव्या कामावर आहोत ते एका नजरेत कळावं.

एक आणि नऊ

त्यांचा एक जुना विद्यार्थी, आता स्वतः आजोबा झालेला, हे पाहायला घरी आला होता. त्यानं एक किस्सा सांगितला. एका सकाळी पानावर '१×२००' लिहिलेलं होतं. थेंब पडला आणि देवनागरी एकचं डोकं असं फुगलं की सगळ्यांनी नऊ वाचला. सर ऑफिसला जायच्या घाईत लवकर निघाले होते. पंचवीस मीटरच्या त्या तलावात आठ लांब्यांच्या जागी बहात्तर लांब्या. दोघं मधेच सोडून बसले, एकानं पूर्ण केलं आणि दोन दिवस त्याचे हात वर होईनात. दुसऱ्या दिवशी सरांनी त्या पोराच्या घरी जाऊन त्याच्या आईची माफी मागितली म्हणे.

त्या पानानंतर वहीत बदल आहे, तो मी ताडून पाहिला. आकड्यापुढे अक्षरी येतं : '१ (एक) × २००'. टिंबही गेलं. आधी ते '१.१५' लिहायचे, म्हणजे एक मिनिट पंधरा सेकंद. टिंब धुऊन गेलं की उरतं ११५, आणि कुणी ते सेकंद समजलं तर चाळीस सेकंदांचा फरक. नंतर सगळीकडे '१मि १५से'.

ही रीत कुठून आली ते आपल्याला नवीन नाही. जुन्या हुंड्या आठवा. रक्कम आकड्यात, मग अक्षरी, आणि वर निम्मी रक्कम सांगून 'त्याचे दुप्पट'. एक आकडा कुणी बदलला किंवा पुसला गेला तरी बाकीचे दोन साक्षीला उभे. सावकार लबाडीला भीत होता, मामंजी पाण्याला. उपाय एकच : महत्त्वाची गोष्ट दोन तऱ्हांनी लिहायची.

दुधाची पिशवी

शेवटची पंधरा-वीस पानं प्लास्टिकमध्ये आहेत. सांचीच्या दुधाच्या पिशव्या कापून, धुऊन, उलट्या करून, आत पान घालून कडा मेणबत्तीवर चिकटवलेल्या. छापील बाजू मागे, पारदर्शक पट्टी पुढे. आत शिसपेन्सिल. हे पान ओल्या फरशीवर थापलं की पाण्याच्या पातळ थरानं आपोआप चिकटून राहतं, टाचणी नको की दोरी नको. आजची मुलं झिपवाली पिशवी वापरतात, ती याचीच नात.

म्हणजे पंचवीस वर्षांत या एका माणसानं शाई बदलली, अक्षर मोठं केलं, मजकूर कमी केला, कागद उभा केला, आकडे अक्षरी लिहिले आणि शेवटी पाणी बाहेर ठेवलं. कुठल्या पुस्तकात वाचून नाही. एकेक पान वाया घालवून.

माझी चूक

आता कबुली. वही हातात आल्यावर मला घाई झाली. नातवानं सुचवलं की लॅमिनेट करून टाकू, आजोबा पण प्लास्टिकच वापरायचे ना. मी तीन पानं कोपऱ्यावरच्या दुकानात दिली. दोन ठीक निघाली. तिसरं जांभळ्या पेन्सिलीचं होतं, पूर्ण सुकलेलं नव्हतं. उष्णतेनं आतली ओल वाफ होऊन अडकली आणि डाग सगळ्या पानभर पसरला. आता ते पान प्लास्टिकमध्ये कायमचं बंद आहे. दुकानदाराचा दोष नाही, त्यानं विचारलं होतं.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की लॅमिनेशन हे दफ्तरांतही होत असे. आपल्या राष्ट्रीय अभिलेखागारात १९५०च्या दशकात हातानं करायची एक पद्धत बसवली गेली. सेल्युलोज अ‍ॅसिटेटचा पापुद्रा आणि पातळ टिश्यू, अ‍ॅसिटोननं चिकटवायचे, यंत्र नको, उष्णता नको. आणि अ‍ॅसिटोननंच पुन्हा सोडवता येतं. जपणाऱ्यांचा मूळ नियम तोच : आज जे करू ते उद्या उलटवता आलं पाहिजे. दुकानातलं प्लास्टिक उलटवता येत नाही. तलावाकाठच्या एका तासासाठी जे उत्तम, ते शंभर वर्षांसाठी घातक. मामंजींच्या दुधाच्या पिशव्यासुद्धा मी आता एकेक करून कापते आहे, कारण आत अडकलेल्या ओलीनं दोन पानांना बुरशी लागली आहे.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा पुण्यात घराघरांतली कागदपत्रं भिजली. ओला कागद दोन-तीन दिवसांत बुरशी धरतो. तेव्हा कुणाकडे असं काही निघालं तर एवढं करा. चिकटलेली पानं ओढून सोडवू नका. उन्हात घालू नका, इस्त्री फिरवू नका. सावलीत, पंख्याच्या मंद वाऱ्यात, पानापानांत टिपकागद घालून वाळवा. पुष्कळ पानं एकदम भिजली असतील तर पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा, तिथे बुरशी थांबते आणि विचार करायला वेळ मिळतो. आधी फोटो काढा. आणि पाठीमागे काही लिहायचं झालं तर शिसपेन्सिलीनं.

१८९८ साली राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला, १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. त्यांनी वाड्यांच्या माळ्यांवरून कागद उतरवले म्हणून आज वाचायला मिळतात. १७३७ च्या डिसेंबरात बाजीरावानं निजामाला याच भोपाळपाशी कोंडलं, त्याचा अभ्यास आपण कागदांवरूनच करतो. पण भोपाळात मराठी माणूस १९५६ नंतर रोज सकाळी काय करत होता, त्याचे कागद कुठल्याही दफ्तरात नाहीत. ते आपल्या ट्रंकांत आहेत, आणि क्वार्टरं खाली होताना ते रद्दीत जातात. आमची वहीसुद्धा रद्दीच्या ढिगावरच होती, ह्यांनी अक्षर ओळखलं म्हणून राहिली.

वहीतली वाचता येणारी एकशे बारा पानं मी फोटो काढून मंडळाकडे दिली आहेत. चाळीसेक पानांवर फक्त ढग आहेत, तीही दिली आहेत, फेकलेली नाहीत. टी.टी. नगर, शिवाजी नगर, अरेरा कॉलनीत ज्यांनी त्या काळी कुणाकडे पोहणं, मल्लखांब, खो-खो, काहीही शिकलं असेल त्यांनी घरी एकदा बघावं. पुढच्या बैठकीला आम्ही नव्या पत्त्यावर असू. पानं आणाल तर कोरडी आणा, आणि लॅमिनेट करून आणू नका.